वाचकांचे प्रश्न : माय म्हणते, अजून पिकला नाही

या महिन्याच्या टपालात निम्मी पत्रं मोतीबिंदूची आहेत. दरवर्षी दिवाळी आटोपली की हेच होतं. सोयाबीन घरात येतं, हातात थोडा पैसा खेळतो, आणि मग घरातल्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांकडे लक्ष जातं. आधीच सांगतो, मी सर्जन नाही. तेहेतीस वर्षं ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी होतो. चष्म्याचे नंबर काढले, मोतीबिंदू हुडकले, पेशंट गाडीत बसवून जिल्ह्याला पाठवले. मागच्या वर्षी स्वतःच ऑपरेशनच्या टेबलावर झोपलो.

प्रश्न : आमची माय ६८ वर्षांची आहे. यंदा पहिल्या वेच्यात तिनं चांगला कापूस आणि कवडी (किडका, पिवळा पडलेला कापूस) एकाच ओटीत भरली. व्यापाऱ्यानं भाव पाडला. मी रागावलो तर म्हणे, "सारा एकसारखाच दिसते बाप्पा मले." शिबिरात दाखवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, उजव्यात जास्त. तिला बीपी आणि शुगर आहे. ती म्हणते अजून पिकला नाही, पिकल्यावर पाहू. शेजारच्या बुढ्याचं ऑपरेशन होऊनही त्याला दिसत नाही, ती भीती वेगळीच. वेचणी सोडून आता न्यावं की उन्हाळ्यात? आणि तिथं नेमकं करतात काय?
— एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, मायवर उगाच रागावलात. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर पिवळं पडत जातं, पुढं तपकिरी होतं. पिवळ्या काचेतून पाहणाऱ्याला कवडी काय आणि पहिल्या वेच्याचा कापूस काय, सारखाच. हे इतकं सावकाश होतं की नजर बिघडली असं माणसाला वाटतच नाही, घरातले बल्बच आजकाल मंद येतात असं वाटतं. आठवून पाहा, दोन-तीन वर्षांपूर्वी माय चष्मा न लावता सुईत दोरा ओवायला लागली होती का? गावात त्याला 'बुढीले नवी नजर आली' म्हणतात आणि कौतुक करतात. भिंग कडक व्हायला लागलं की काही दिवस जवळचं बरं दिसतं आणि लांबचं जातं. त्या कौतुकाच्या वेळीच तिला दाखवायला हवं होतं.

'पिकू द्या' हे आपल्या आजा-पणजाच्या काळचं बोलणं. तेव्हा आख्खं भिंग काढून टाकत आणि त्या जागी काही बसवत नसत. माणूस उरलेला जन्म सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा लावून काढायचा, आणि चष्मा हरवला की आंधळा. म्हणून जितकं लांबेल तितकं लांबवत. आता काढलेल्या भिंगाच्या जागी नवं भिंग बसतं. त्यामुळे जे काम करायचं ते डोळ्यापायी अडायला लागलं की वेळ झाली. तुमच्या मायची वेळ पहिल्या वेच्यालाच झाली. थेंबांनी, मधानं, कांद्याच्या रसानं मोतीबिंदू विरघळत नाही. डोळा मात्र जातो.

आणि फार पिकू दिला तर? भिंग फुगतं, कधी आतल्या आत पाझरतं आणि डोळ्याचा दाब चढतो. डोकं फुटेल असं दुखतं, उलट्या होतात. अशी एक आजी माझ्याकडे आली होती, तिला गावात तीन दिवस पित्ताच्या गोळ्या चालू होत्या. डोळा लालबुंद आणि बोटाला गोटीसारखा कडक लागत होता. ऑपरेशन झालं, दुखणं थांबलं, नजर आली नाही. तोवर आतली नस गेली होती.

आता तिथं काय करतात ते. शिबिरात फक्त तपासणी होते, ऑपरेशन रुग्णालयाच्या थिएटरमध्येच. शाळेच्या खोलीत बाकं जोडून ऑपरेशनं करायचे दिवस गेले, बरं झालं. भरती झाल्यावर बीपी, शुगर, लघवी. मग डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यातून बारीक पिचकारीनं पाणी सोडतात आणि विचारतात, "घशात खारट लागलं का?" माय दचकेल, तिला आधीच सांगून ठेवा. अश्रूंची नळी मोकळी आहे ना, तिथं पू साठलेला नाही ना, ते बघायचं असतं. पू निघाला तर ऑपरेशन पुढं ढकलतात. तेव्हा 'एवढ्या दूरून आलो' म्हणून हुज्जत घालू नका. त्यानंतर डोळा सुन्न करून त्याची लांबी मोजतात. ती साधारण २३ मिलिमीटर भरते. त्यावरून आणि बुबुळाच्या गोलाईवरून भिंगाचा नंबर काढतात, बहुतेकांचा २०-२२ च्या आसपास येतो. लांबी मोजताना एक मिलिमीटर चुकला तर नंतर चष्म्याचा नंबर अडीच-तीननं चुकतो. त्या मिनिटाला मायनं नातवाकडे वळून पाहायचं नाही.

ज्या डोळ्याचं ऑपरेशन त्या बाजूला कपाळावर खूण करतात. सकाळी तोंड धुऊन, अंगारा लावून ती खूण पुसून आलेले लोक मी पाहिलेत.

टेबलावर डोळ्याच्या बाजूला एक इंजेक्शन देतात. टोचतं, मग डोळा जड होतो. काही सर्जन नुसत्या थेंबांवरही करतात. तोंडावर कापड टाकतात, त्याखाली श्वासासाठी ऑक्सिजनची नळी असते. कोंडल्यासारखं होत असेल तर आधीच सांगावं. डोळा मिटला जाईल ही भीती नको, पापण्या तारेच्या चिमट्यानं उघड्या धरलेल्या असतात. सुरी दिसत नाही. मला दिसले ते उजेडाचे दोन-तीन गोळे, पाण्यात हलावेत तसे, आधी गुलाबी मग निळसर. कानामागं थंड पाणी ओघळत होतं. पंधरा-वीस मिनिटांचं काम.

त्यात मी घोळ घातलाच. तेहेतीस वर्षं लोकांना सांगत आलो की टेबलावर मान हलवायची नाही, जे सांगायचं ते तोंडानं सांगा. मध्येच सर्जननं विचारलं, "काका, ठीक ना?" आणि मी सवयीनं मान डोलावली. पुढं जे ऐकून घेतलं ते छापण्यासारखं नाही. तुम्ही मायला घरीच सराव द्या. उताणी झोपून वीस मिनिटं स्वस्थ राहायचं. खोकला असेल तर लपवू नका. खर्रा खात असेल तर त्या सकाळी अजिबात नाही. टेबलावर ठसका लागला तर डोळा हलतो, आणि डोळ्यात तेव्हा सर्जनचं हत्यार असतं.

बीपीची गोळी चुकवू नका. शुगरची गोळी त्या दिवशी घ्यायची की नाही ते तिथंच विचारा, कारण उपाशी ठेवायचं की नाही यावर ते ठरतं. गोळ्यांची नावं आठवत बसू नका, सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या. शुगर चांगली यावी म्हणून दोन दिवस भात सोडून येणारेही असतात. त्यांना वाटतं डॉक्टरला फसवलं. जखम मात्र महिनाभराच्या शुगरवर भरते.

शेजारच्या बुढ्याचं म्हणाल, तर नवं भिंग फक्त पुढची काच बदलतं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, जिथं चित्र उमटतं तिथं, शुगरनं रक्त उतरलं असेल किंवा काचबिंदूनं नस सुकली असेल, तर नवा मोटारपंप बसवला आणि विहिरीतच पाणी नाही अशी गत होते. काचबिंदूनं गेलेली नजर कोणत्याच ऑपरेशननं परत येत नाही. म्हणून भरतीआधी एवढं विचारा, "डॉक्टर, मागचा पडदा दिसतो का, कसा आहे?" मोतीबिंदू फार दाट असला तर पडदा दिसतच नाही, आणि मग किती नजर येईल ते डॉक्टरही सांगू शकत नाहीत. उशिराचा हा दुसरा तोटा.

ऑपरेशनपेक्षा मला काळजी असते ती घरच्या महिना-दीड महिन्याची. थेंब. बहुतेक ठिकाणी सुरुवातीला दिवसातून सहा वेळा देतात, मग दर आठवड्याला एकेक वेळ कमी करतात, पण तुमच्या चिठ्ठीवर असेल तेच खरं. तुम्ही दिवसभर शेतात, सून मजुरीला, माय घरी एकटी आणि घड्याळ न कळणारी. अशा घरांना मी दोन वाट्या आणि तुरीचे सहा दाणे सांगायचो. सकाळी सहाही दाणे एका वाटीत. थेंब टाकला की एक दाणा दुसऱ्या वाटीत. दिवाबत्तीच्या वेळी पहिल्या वाटीत दोनच्या वर दाणे उरले असतील, तर दुपारी मायला झोप लागली होती हे घरी आल्याआल्या कळतं. दुसऱ्या आठवड्यात एक दाणा कमी. दोन बाटल्या असतील तर एकीला रबर गुंडाळा आणि दोन्ही थेंबांत पाच मिनिटं जाऊ द्या. हात साबणानं धुवायचे, खालची पापणी ओढायची, एकच थेंब, बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही. आणि ज्या फळीवर थेंबांची बाटली, त्या फळीवर चिकटवायच्या गोंदाची नळी किंवा कुरुपाचं औषध नको. हसू नका. दुसऱ्या अंधुक डोळ्याला सगळ्या छोट्या बाटल्या सारख्या दिसतात.

चुलीपासून लांब ठेवा. डोक्यावरून आंघोळ, हंडा उचलणं, वाकून सारवण हे सगळं डॉक्टर परवानगी देईपर्यंत बंद. रात्री डोळ्यावर प्लास्टिकची वाटी लावायची, कारण झोपेतला हात कोणाचं ऐकत नाही. दुसऱ्या कुशीवर झोपवा. वांगं, आंबट, चण्याची डाळ बंद करतात लोक. वांग्यानं डोळ्याला काही होत नाही, खाऊ द्या भरीत. पोट मात्र साफ राहू द्या, कुंथल्यानं डोळ्यावर ताण येतो.

आता हे नीट वाचा. थोडं खुपणं, पाणी येणं पहिले काही दिवस चालतं. पण दुखणं वाढत गेलं, लाली वाढली, चिकट घाण यायला लागली, किंवा काल दिसत होतं त्यापेक्षा आज कमी दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना. सोमवारचा बाजार करून जाऊ, असं चालणार नाही. आत जंतू शिरणं हजारात एखाद्याला होतं, पण झालं तर तास मोजावे लागतात. डोळ्यात विजा चमकल्यासारख्या वाटल्या किंवा बाजूनं पडदा ओढल्यासारखा वाटला, तरी तसंच धावायचं. तो मागचा पडदा सुटण्याचा इशारा असू शकतो.

आता की उन्हाळ्यात? थिएटर बारा महिने सारखंच असतं, बघायची ती घरची सोय. ज्या महिन्यात थेंब टाकायला माणूस घरी राहील आणि माय शेतात जायचा हट्ट धरणार नाही, तो महिना चांगला. माझं विचाराल तर उजवा डोळा आताच करून घ्या आणि पुढचा वेचा मजुरांकडून. मजुरी जाईल, पण कवडी मिसळलेल्या कापसाचा भाव तुम्ही ऐकला आहेच. दुसरा डोळा काही आठवड्यांनी. मधल्या काळात दोन डोळ्यांचं जुळणार नाही, पायऱ्या चुकतील, तेवढं जपा.

पट्टी निघाल्यावर एक गंमत होईल. मला माझी पांढरी बनियन निळसर दिसली. बायकोला म्हटलं, नीळ जास्त पडली वाटते. ती म्हणाली, नीळ घालणं सोडून दहा वर्षं झाली. पिवळी काच निघाली की निळा रंग असा अंगावर येतो, काही दिवसांनी डोळा सरावतो. माय घरातली जाळी-जळमटं दाखवून सुनेला बोलेल, तेव्हा सुनेची बाजू घ्या. लांबचं स्वच्छ दिसलं तरी तांदूळ निवडायला जवळचा चष्मा लागेलच. तो महिना-दीड महिन्यानं नंबर काढून घ्या. आधी घेतलात तर पैसे दोनदा जातील.

प्रश्न : बाबांच्या डोळ्यात भिंग बसवायचं आहे. सरकारी दवाखान्यात फुकट, खासगीत लेझरनं करतो म्हणून मोठी रक्कम सांगतात, वर 'चष्मा लागणार नाही' असं महागडं भिंग. धान विकून पैसे पुरत नाहीत, कर्ज काढू का? बाबा म्हणतात, अंगात प्लास्टिक राहील का?
— एक वाचक, ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

उत्तर : कर्ज काढू नका. ज्याला लोक लेझर म्हणतात तो बहुतेक वेळा फेको असतो. त्यात लेझर नसतं. कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या लहरींनी भिंग फोडून अडीच-तीन मिलिमीटरच्या छेदातून ओढून घेतात. सरकारीत बरेचदा सहा-सात मिलिमीटरच्या छेदातून बिनटाक्याचं ऑपरेशन करतात. फेकोची जखम लवकर भरते, चष्म्याचा आडवा (सिलिंडर) नंबर कमी येतो, एवढं खरं. पण सराईत हाताखाली दोन्हींची शेवटची नजर जवळपास सारखीच. आणि वर्षानुवर्षं थांबून दगड झालेल्या मोतीबिंदूला तो मोठा छेदच अनेकदा बरा पडतो.

महागडं भिंग मल्टिफोकल असेल. लांबचं-जवळचं दोन्ही दिसतं, पण काहींना रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात आणि मंद उजेडात थोडं फिकं दिसतं. रात्री बांधावर पाणी वळवायला जाणाऱ्या माणसाला हे कशाला? साधं भिंग घ्या, जवळचा चष्मा काही शेकड्यांत मिळतो. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, त्यात ऑपरेशन आणि भिंग मोफत असतं. जिल्हा रुग्णालय आहे, नाहीतर नागपूरची मेडिकल किंवा मेयो ही सरकारी रुग्णालयं. भिंगाच्या नंबराचं स्टिकर लावलेलं कार्ड मिळेल, ते रेशनकार्डाबरोबर ठेवा.

प्लास्टिकचं बाबांना असं सांगा. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या काचेचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले. लंडनच्या हॅरॉल्ड रिडली या डॉक्टरनं पाहिलं की काही डोळे त्या तुकड्यांवर चिडत नाहीत, गुमान सांभाळून घेतात. ती काच म्हणजे प्लास्टिकच होतं. त्याचंच भिंग करून त्यांनी १९४९ मध्ये पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात बसवलं. तेव्हा बड्याबड्या डॉक्टरांनी त्यांना वेड्यात काढलं होतं, बाबा तर घरचेच.

प्रश्न : काका, तीन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं, छान दिसत होतं. आता पुन्हा धुकं. मोतीबिंदू परत आला का? पुन्हा कापतील?
— एक भगिनी, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : ताई, मोतीबिंदू परत येत नाही, यायला जुनं भिंग उरलेलंच नाही. नवं भिंग ज्या पातळ पिशवीत ठेवतात तिची मागची बाजू कधीकधी धुरकट होते. लोक 'जाळी आली' म्हणतात. त्याला याग नावाचं लेझर, आणि हे मात्र खरंखुरं लेझर. स्टुलावर बसून, हनुवटी टेकवून, काही मिनिटांत. कापणं नाही, पट्टी नाही. बाहुली मोठी करायचे थेंब टाकतात, म्हणून काही तास उजेड खुपेल. जाताना सोबत कोणी तरी न्या, एकटीनं एस.टी. पकडू नका. शुगर असेल तर आधी पडदा तपासून मागा, धुकं तिथूनही येतं.

प्रश्न : वडिलांना लघवी अडते म्हणून गोळी चालू आहे. डोळ्याच्या डॉक्टरला ते सांगायची काय गरज?
— ता. मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर : फार गरज. प्रोस्टेटसाठी देतात त्यातल्या टॅम्सुलोसिनसारख्या गोळ्यांनी डोळ्यातला रंगीत पडदा सैल पडतो आणि ऑपरेशनमध्ये फडफडत मध्ये येतो. गोळी आठ दिवस आधी बंद केली तरी हे जात नाही, म्हणून मनानं बंद करू नका. सर्जनला ठाऊक असलं की तो तयारीनं उतरतो. ठाऊक नसलं की टेबलावर कळतं.

प्रश्न : आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे. त्यांना नेत्रदान करायचं आहे, चालतं का?
— एक नात, ता. अचलपूर, जि. अमरावती

उत्तर : चालतं, चष्मा असला तरी चालतं. दानात उपयोगी पडतं ते पुढचं बुबुळ, भिंग नव्हे. आजोबांची इच्छा सगळ्या घराला आजच माहीत असू द्या, कारण त्या वेळी बोलायचं कोणाला सुचत नाही. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीची माणसं पोचली पाहिजेत, म्हणून फोन नंबर भिंतीवर लिहून ठेवा. ती येईपर्यंत पंखा बंद, डोक्याखाली उशी, पापण्या मिटून त्यावर ओल्या कापसाचे बोळे. कापूस वाळला की पुन्हा भिजवायचा.